पतनोंद-दुरुस्ती
दिवाळखोरी किंवा कर्जवसुलीच्या हुकूमनाम्यानंतर बिघडलेली पतनोंद सुधारण्याची प्रक्रिया. पुण्याजवळच्या भोसरी-चाकण औद्योगिक पट्ट्यातील लघुउद्योजकांशी तिचा जवळचा संबंध आहे. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांना १ डिसेंबर २०१९ पासून नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ लागू झाली. इतर व्यक्तींसाठी पुणे जिल्ह्यात अजून १९२० चाच प्रांतिक नादारी कायदा चालतो, हे खेदजनक आहे. हुकूमनाम्याची रक्कम फेडली की ती फेड न्यायालयात नोंदवून घ्यावी. नोंद नसलेली फेड अंमलबजावणी करणारे न्यायालय मानत नाही. तडजोडीने मिटवलेले कर्ज पत-अहवालात ‘सेटल्ड’ दिसते, पूर्ण फेडलेले ‘क्लोज्ड’. अहवालातील चुकीबद्दलची तक्रार ३० दिवसांत न सुटल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. खरी नोंद मात्र पैसे घेऊन कोणीही पुसू शकत नाही. ती पुसून देतो असे सांगणाऱ्या दलालांपासून दूर राहावे.