जुनं घर पाडायचं की दुरुस्त करायचं? 'इको-फ्रेंडली' घराचं गणित समजून घ्या

गणपतीला किंवा दिवाळीला सगळे गावी जमले की एक विषय हमखास निघतो. आजोबांच्या काळातलं घर आता गळतंय, भिंतीला ओल येतेय, वासे वाळवीने पोखरलेत. मग ठरतं, पाडून टाकू आणि स्लॅबचं बांधू.

पण पर्यावरणाचा विचार केला, तर सोलर पॅनल किंवा 'ग्रीन' रंगापेक्षाही मोठा निर्णय हाच असतो.

सिमेंटचा प्रॉब्लेम काय आहे?

चुनखडी आणि माती भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून सिमेंटचं क्लिंकर तयार होतं. त्यासाठी जळणारा कोळसा हा प्रदूषणाचा एक भाग झाला. पण चुनखडी तापल्यावर तिच्यातूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि हा वायू जळणाच्या धुरापेक्षा जास्त असतो. म्हणजे भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी हे उत्सर्जन पूर्ण थांबत नाही. जगभरातल्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे.

उलट, उभ्या असलेल्या घराचा दगड, चिरा, सागवान आणि कौलं यांचा खर्च निसर्गाने कधीच भरलेला असतो. घर पाडलं की हे सगळं राडारोडा होतं आणि नव्या घरासाठी सगळं पुन्हा आणावं लागतं.

मातीच्या भिंतीवर सिमेंट का टिकत नाही?

दुरुस्ती करतानाही एक चूक सर्रास होते. मातीच्या किंवा मातीत बांधलेल्या दगडी भिंतीला 'पक्कं' करायचं म्हणून सिमेंटचा गिलावा केला जातो.

जुन्या घरांच्या जोत्यात बहुतेकदा ओल अडवणारा थर नसतो. त्यामुळे जमिनीतलं पाणी भिंतीत वर चढतं. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा असेल तर ही ओल बाहेर निघून सुकते. सिमेंट मात्र तिला अडवतं. मग पाणी आतच साचतं, माती भुसभुशीत होते, लोणा लागतो आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे सुटतात. बाहेरून चांगली दिसणारी भिंत आतून कमकुवत झालेली असते.

मग पर्याय काय?

चुना. अनेक किल्ल्यांवर दगडाचा गोल चर आणि त्यात फिरणारं जड चाक दिसतं. तो चुन्याचा घाणा. भाजलेली चुनखडी पाण्यात विरवून, वाळू मिसळून तिथे मळली जायची. चुना साधारण ९०० अंशांवर भाजला जातो, म्हणजे सिमेंटपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला. तो बनतानाही कार्बन डायऑक्साइड सुटतो, पण गिलावा घट्ट होताना हवेतून त्यातला काही भाग परत शोषला जातो.

अडचणीही आहेत. चुना वाळायला वेळ लागतो, त्यामुळे काम लांबतं. आणि चुन्यात हात बसलेला गवंडी आता सहज मिळत नाही.

पण ही घरं सुरक्षित आहेत का?

हा प्रश्न विचारायलाच हवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-धाराशिव भागात हजारो लोक ढिगाऱ्याखाली गेले. तिथल्या अनेक घरांच्या भिंती जाड दगडांच्या, मातीत रचलेल्या होत्या आणि वर मातीच्या धाब्याचं मोठं ओझं होतं. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधलेला नसल्याने भिंती फुटल्या.

म्हणून दुरुस्तीत मजबुतीकरण आधी यायला हवं. भिंतीत ठरावीक अंतरावर दोन्ही थर जोडणारे आरपार दगड घालणं, घराभोवती सलग पट्टा बांधणं आणि छपराचं ओझं कमी करणं हे त्यातले मुख्य उपाय. अशा बांधकामासाठी भारतीय मानक ब्युरोची मानकंही आहेत. मातीच्या घरांसाठी आयएस १३८२७ आणि कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठी आयएस १३८२८. भिंतीला फुगवटा किंवा मोठी तिरकी भेग असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवणं गरजेचं आहे. काही घरं पाडावीच लागतात.

पाडावंच लागलं तर?

सरसकट जेसीबी लावण्याऐवजी घर हाताने उतरवलं, तर दारं, खिडक्या, तुळया, चिरे आणि कौलं परत वापरता येतात. दगडाचं डबर नव्या जोत्याच्या भरावात जातं.

नव्या बांधकामात राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट घेता येतं. त्यात औष्णिक वीज केंद्रांची १५ ते ३५ टक्के राख असते, म्हणून क्लिंकर तेवढं कमी लागतं. केरळमध्ये लॉरी बेकर यांनी 'रॅट ट्रॅप बाँड' ही पद्धत लोकप्रिय केली. त्यात विटा कडेवर उभ्या रचतात आणि मध्ये पोकळी राहते. विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात आणि पोकळीतल्या हवेमुळे उष्णताही कमी आत येते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं काय?

तिथेही नियम तोच. चांगल्या फरशा फक्त फॅशन बदलली म्हणून फोडल्या नाहीत, तर तेवढा राडारोडा आणि नवं सिमेंट वाचतं. बदलायचंच असेल, तर साधारण ७५ वॅटच्या जुन्या पंख्याऐवजी ३० वॅटच्या आसपास चालणारा बीएलडीसी पंखा बसवता येतो. वरच्या मजल्यावर घर असेल, तर गच्चीला पांढरा परावर्तक रंग दिल्याने खालची खोली कमी तापते.

थोडक्यात, क्रम असा: आधी घर तपासायचं, मग मजबूत करायचं, मग दुरुस्त करायचं. पाडण्याचा निर्णय सगळ्यात शेवटी. कारण पाडलेली भिंत परत उभी करायची, तर भट्टी पुन्हा पेटवावी लागते.