गृहकार्यपीठावरील मापनसाधने : एक ऐतिहासिक टिपण

घरच्या टेबलावर रेडिओ जुळविणाऱ्याने वा दुरुस्त करणाऱ्याने मापनाची कोणती साधने प्रथम घ्यावीत, हा प्रश्न वरवर पाहता कारागिरीचा आहे. परंतु या निवडीचा क्रम किमतीवरून जितका ठरला तितकाच जुन्या साधनांच्या उणिवांवरूनही ठरला. म्हणून तो इतिहासाचाही विषय होय.

धारा, दाब व रोध मोजण्यास पूर्वी निरनिराळी यंत्रे बाळगावी लागत. ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकाडी याने १९२३ मध्ये ती एका पेटीत आणली. अँपिअर, व्होल्ट व ओहम यांच्या आद्याक्षरांवरून तिला ‘अ‍ॅव्हो’ हे नाव मिळाले. मराठीत ‘बहुमापी’ असा शब्द घडविता येईल. दुरुस्तीच्या दुकानात मात्र नुसते ‘मीटर’ म्हटले की हेच यंत्र समजतात. अर्थसंकोचाचे हे चांगले उदाहरण आहे.

मीटर मोजताना मंडलातून स्वतःही थोडी धारा घेतो, ही त्याची मूळची अडचण. २०० व्होल्टांवर एक लक्ष ओहमचे दोन रोध एकापुढे एक जोडले, तर मध्यबिंदूवर १०० व्होल्ट असावयास हवेत. दर व्होल्टास १,००० ओहम असलेला मीटर २५० व्होल्टांच्या पट्ट्यावर तेथे सुमारे ८३ दाखवितो. २०,००० ओहमचा ९९ दाखवितो. पहिल्या मीटरवर विसंबणारा निर्दोष रोध काढून टाकील! १९५१ चा ‘अ‍ॅव्हो मॉडेल ८’ या दुसऱ्या वर्गातला होता.

मापनावर केवढे अवलंबून असू शकते, हे १९४२ च्या मुंबईत दिसले. महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द झाले होते. तरीही उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘काँग्रेस रेडिओ’ चालविला. त्याचा प्रक्षेपक नरीमन प्रिंटर या तंत्रज्ञाने जुळविला होता. तरंगलांबी ४२.३४ मीटर, म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ, जाहीर केली जाई. दोन दशांशस्थळांपर्यंतचा हा आकडा विश्वासाने सांगावयाचा तर तरंगमापनाचे काही साधन हाताशी हवेच. उलट बाजूस पोलिसांजवळ दिशाशोधक यंत्रे होती, म्हणून जागा वारंवार बदलाव्या लागल्या. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी केंद्र पकडले गेले.

सिंधुदुर्गाशी याहून निकटचा प्रसंग आंबोलीचा. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी तेथील अरण्यातून, पुढे कॅसलरॉकहून, गोवामुक्तीचे गुप्त प्रक्षेपण कोकणी व पोर्तुगीज भाषांत चालविले. ते १९६१ पर्यंत टिकले. अशा ठिकाणी यंत्र बिघडल्यास दुकान गाठता येत नाही. साधने थोडी, पण भरवशाची असावी लागतात.

नांदगावसारख्या गावातील आजच्या हौशी माणसाची गरज फारशी वेगळी नाही. खाऱ्या, दमट हवेत स्विचचे संपर्क गंजतात व रोधाचे आकडे सरकतात. म्हणून मोजण्यापूर्वी दोन्ही टोके एकमेकांस टेकवून शून्य पाहणे अगत्याचे. मीटरनंतर धारेवर मर्यादा घालणारा वीजपुरवठा घ्यावा. त्याआधी साध्या दिव्याची मालिका-जोडणीही पुष्कळ काम देते : दिवा भगभगून पेटला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे, हे वस्तू जळण्यापूर्वीच कळते.

आंदोलनदर्शकाचा, म्हणजे ऑसिलोस्कोपचा, मोह मात्र लवकर आवरावा. त्याच्या जोडतारेचा चिमटा बहुधा थेट अर्थिंगला जोडलेला असतो, आणि एसी-डीसी पद्धतीच्या जुन्या रेडिओंत चॅसिसच मुख्य विजेच्या एका तारेस जोडलेली असे. ती तार २३० व्होल्टांची निघाली व चिमटा तेथे लावला, तर क्षणात शॉर्ट होतो. ज्यास असे संच उघडावयाचे आहेत त्याने आंदोलनदर्शकाआधी विलगन-रोहित्र घ्यावे आणि रेडिओ त्यावर चालवावा.