कान झाकावा की बुजवावा?

अहमदनगर (आता अहिल्यानगर) हे रणगाड्यांचे शहर आहे. 1924 साली येथे ब्रिटिशांच्या रॉयल टँक कोअरची प्रशिक्षणशाळा आली. 1948 साली चिलखती दलाच्या संस्था एकत्र करून येथे 'आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल' स्थापन झाले आणि 1994 साली रणगाड्यांचे संग्रहालय सुरू झाले. शाळेची सहल तेथे नेली की मुले तोफेची लांबी आणि पोलादाची जाडी विचारतात. आम्हांला वाटते, त्यांच्यापुढे आणखी एक प्रश्न ठेवावा. या पोलादी पेटीतली माणसे एकमेकांचे बोलणे ऐकत कशी?

चालत्या रणगाड्यात आवाज 100 डेसिबलच्या वर जातो. शेजारच्याच्या कानाशी ओरडले तरी शब्द कळत नाहीत. म्हणून चालक, तोफ चालवणारा आणि कमांडर यांच्या कानांवर हेडफोन आणि तोंडापाशी मायक्रोफोन असतो. आज पालक आणि विद्यार्थी शिक्षकांना विचारतात, की गोंगाट पुसून टाकणारे मोठे हेडफोन घ्यावेत की कानात बसणारे बिनतारी इअरबड? या प्रश्नाचे उत्तर शोधताना गोंगाटाशी झालेल्या झगड्याचा इतिहास पाहणे उपयोगी पडते.

पहिला उपाय कान झाकण्याचा. 1910 साली अमेरिकेतील नॅथॅनिएल बाल्डविन यांनी घरच्या स्वयंपाकघरात तयार केलेले हेडफोन तेथील नौदलाने विकत घेतले. पुढे अशा हेडफोनना जाड गाद्या आल्या. पण गाद्यांना एक मर्यादा आहे. दोन गल्ल्यांपलीकडे मिरवणूक असली तर ढोलाचा धडधडाट बंद दारातून आत येतो, झांजांचा आवाज मात्र बराचसा बाहेरच राहतो. 4000 हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी सुमारे साडेआठ सेंटिमीटर असते, तर 100 हर्ट्झच्या आवाजाची सुमारे 3.4 मीटर. उच्च वारंवारतेच्या ध्वनीला पातळ, हलका अडथळाही रोखतो. खालच्या घरघरीला जड भिंत लागते, आणि भिंत काही डोक्यावर घेऊन फिरता येत नाही.

दुसरा उपाय जर्मनीतील पॉल ल्यूग यांनी सुचवला. त्यांनी 1933 साली अर्ज केला आणि 1936 साली त्यांना अमेरिकी पेटंट मिळाले. ध्वनी म्हणजे हवेतील संपीडन आणि विरलन यांची मालिका. जेथे संपीडन येते तेथे त्याच क्षणी तेवढेच विरलन पोहोचवले, तर दोन्ही एकमेकांना रद्द करतील. कल्पना अचूक होती, परंतु ती राबवण्याइतके चपळ इलेक्ट्रॉनिक मंडल त्या काळी नव्हते. 1950च्या दशकात लॉरेन्स फोगेल यांनी वैमानिकांसाठी याच दिशेने पेटंटे घेतली. 1978 साली एमआयटीचे प्राध्यापक अमर बोस विमानाने प्रवास करत होते. बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या एका क्रांतिकारकाचे हे पुत्र. विमानाच्या घरघरीत संगीत बुडून गेल्यामुळे त्यांनी प्रवासातच गणित मांडायला घेतले. 1986 साली न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या 'व्हॉयेजर' विमानात त्यांचे प्रायोगिक हेडफोन वापरले गेले. 1989 साली वैमानिकांसाठी, तर 2000 साली सामान्य ग्राहकांसाठी असे हेडफोन बाजारात आले. अमेरिकी रणगाड्यांतील शिरस्त्राणांतही पुढे हे तंत्र आले.

मग हे तंत्र सगळेच आवाज का पुसत नाही? फळ्यावर सोडवण्याजोगे गणित पाहा. समजा, उलटी लहर तयार होण्यास एक दशसहस्रांश सेकंद उशीर झाला. 100 हर्ट्झच्या लहरीचे एक आवर्तन 1/100 सेकंदाचे असते, म्हणजे चूक आवर्तनाच्या शंभराव्या भागाइतकी. आवाज जवळजवळ पुसला जातो. पण 5000 हर्ट्झला तेवढाच उशीर अर्ध्या आवर्तनाएवढा होतो. उलटी लहर पुन्हा सुलट होते आणि आवाज घटण्याऐवजी वाढतो! म्हणून घरघर पुसण्याचे काम मंडलाने करायचे आणि चिरका आवाज अडवण्याचे काम गादीने, अशी वाटणी झाली. अचानक उठणारी हाक किंवा कर्णा मंडलाला फारसा पुसता येत नाही.

इअरबडची वंशावळ वेगळी आहे. त्याचे पूर्वज म्हणजे श्रवणयंत्राची आणि ट्रान्झिस्टर रेडिओची कानात घालायची गुंडी. 1954 साली बाजारात आलेल्या 'रीजन्सी' या ट्रान्झिस्टर रेडिओबरोबर अशी गुंडी मिळू शकत असे. गोंगाट पुसण्याचे मंडल या इवल्या वस्तूत मावून ती सर्वत्र पसरली ती अलीकडे, 2019च्या सुमारास.

आता निवड. एसटीच्या इंजिनाची घरघर किंवा पंख्याचा आवाज दोन्ही साधने कमी करतात. मोठ्या हेडफोनमध्ये बॅटरी मोठी मावते आणि कानाच्या नळीत काही खुपसावे लागत नाही. पण चष्म्याच्या काडीमुळे गादीला फट पडते आणि नगरच्या उन्हाळ्यात कान घामेजतात. इअरबड खिशात राहतो. मात्र त्याचे रबरी टोक कानात नीट बसले नाही तर खालची घरघर आत शिरतेच. कान वाहत असेल तर तो घालूच नये. नगर-मनमाड रस्त्यावर चालताना किंवा सायकलवर दोन्हीही नकोत. प्रवरानगरच्या साखर कारखान्यातील किंवा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतील कामगाराने संगीतासाठी विकलेल्या साधनावर विसंबू नये. ते बहुधा सुरक्षा-साधन म्हणून प्रमाणित नसते. त्याला प्रमाणित कर्णरक्षकच हवेत.

शिक्षकांनी मुलांना खरोखर सांगायला हवे ते आवाजाच्या पातळीविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी 80 डेसिबल आवाज आठवड्यातून 40 तासांपेक्षा अधिक ऐकू नये. मुलांसाठी ही पातळी 75 डेसिबल आहे. दर 3 डेसिबलला ध्वनिऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा. या हिशेबाने प्रौढालाही 100 डेसिबलला आठवड्यात केवळ 24 मिनिटे मिळतात. बसच्या आवाजावर मात करण्यासाठी मुलगा साध्या इअरफोनचा आवाज चढवत जातो आणि तेथेच धोका असतो. आंतरकर्णातील केसांसारख्या संवेदी पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. बाहेरची घरघर कमी झाली की कमी आवाजात भागते, हा या तंत्राचा मोठा लाभ आहे. पण तो आवाज खरोखरच कमी ठेवणाऱ्यालाच मिळतो.

वर्गात ल्यूगची कल्पना दाखवायला दोन सारखे लाऊडस्पीकर पुरतात. एकाच ध्वनिवर्धकाला दोन्ही जोडून 100 हर्ट्झचा स्वर वाजवावा, एकाच्या तारांची टोके उलटी जोडावीत आणि दोन्ही तोंडे एकमेकांजवळ आणावीत. स्वर क्षीण होत जाईल. मग हाच प्रयोग 4000 हर्ट्झला करून पाहावा आणि असे का घडते, ते मुलांनाच सांगू द्यावे.