घरचा पास्ता कसा करतात? वरणफळं येत असतील तर अर्धं काम झालं!

पीठ मळून, लाटून, कापून उकळत्या पाण्यात शिजवलं की झाला ताजा पास्ता. आपली वरणफळं म्हणजेच चकोल्याही तशाच, फक्त त्या आमटीत शिजतात. म्हणून ठाण्यातल्या कोपरीतल्या छोट्या स्वयंपाकघरातही पोळपाट-लाटण्यावर पास्ता जमतो.

इटलीत 100 ग्रॅम मैद्याला साधारण 1 अंडं घेतात. अंडं नको असेल तर बारीक रवा आणि कोमट पाणी चालतं. घट्ट मळलेलं पीठ अर्धा तास झाकून ठेवावं. तेवढ्यात ग्लुटेन सैलावतं आणि लाटताना पोळी आखडत नाही. पातळ लाटून पट्ट्या कापाव्यात. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात त्या 2 ते 4 मिनिटांत शिजतात. जास्त ठेवल्यास गिचका होतो.

मुलांना टोमॅटोच्या सॉसमध्ये द्या. आजी-आजोबांसाठी काही पट्ट्या चिंच-गुळाच्या आमटीत सोडा, वर तूप घाला.