मिठाची पोती

घरी पाहुणे आले की त्यांना दौलताबादला न्यायचे, ही आमच्या गावची जुनी रीत. गाव म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर. मागच्या दिवाळीत भाचेकंपनीला घेऊन गेलो. अंधारीतून चाचपडत बाहेर आल्यावर पोरे दमून बसली आणि मी नेहमीची मिठाच्या पोत्यांची गोष्ट सांगितली. भाची म्हणाली, "मामा, एकानेही पोतं उघडून बघितलं नाही?" सगळे हसले. मला काही हसू आले नाही. लोकांच्या गोदामांतली पोती मोजण्यात माझे आयुष्य गेले आहे, आणि असाच प्रश्न एकदा मलाही विचारला गेला होता.

आधी गोष्ट. १२९६ साली कड्याचा सुभेदार अल्लाउद्दीन खिलजी अचानक देवगिरीवर चालून आला. रामचंद्रदेव यादवाच्या सैन्याचा मोठा भाग राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर होता. राजाने घाईघाईने किल्ल्याचा आश्रय घेतला. कोकणातून आलेले व्यापारी आपली पोती तिथेच टाकून पळाले होते. ती धान्याची समजून राजाच्या लोकांनी वर नेली. पुढे शंकरदेव परतला, लढला आणि हरला. तरी किल्ला अभेद्य होता, धान्य असते तर तग धरता आला असता. पोती उघडली तेव्हा आत मीठ निघाले! मग वाटाघाटीला जोर तो कसला राहणार? फिरिश्ताने दिलेला खंडणीचा आकडा सहाशे मण सोन्याचा आहे. फिरिश्ताने हे तीनशे वर्षांनी लिहिले, त्यामुळे आकडे जरा जपूनच घ्यावेत. (हिशेब तपासनिसाची खोड, दुसरे काय.)

गंमत म्हणजे हा दरबार लिखापढीत कच्चा मुळीच नव्हता. महादेव आणि रामचंद्र या दोन्ही यादव राजांच्या पदरी हेमाद्री पंडित 'श्रीकरणाधिप' होता, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा आणि हिशेबांचा प्रमुख. आपला हेमाडपंत तो हाच. मोडी लिपीचे श्रेयही परंपरा त्यालाच देते. दफ्तर इतके जुने आणि मुरलेले, तरी पोत्यात काय आहे ते दफ्तराला कळले नाही. वहीत 'धान्य' लिहिल्याने मिठाचे धान्य होत नाही.

आता माझी गोष्ट. आर्टिकलशिपचे दिवस, साल १९९५-९६ च्या आसपास. ३१ मार्चला वाळूजच्या एका कारखान्यात मालमोजणीला गेलो होतो. पावडरच्या गोण्यांची थप्पी होती. लांबीत किती, रुंदीत किती, उंचीत किती, केला गुणाकार. आकडा रजिस्टरशी तंतोतंत जुळला. मी खूश. स्टोअरकीपर वयस्कर, अबोल गृहस्थ होते, त्यांनी चहा पाजला. संध्याकाळी आमचे सर आले, कागद पाहिला आणि एवढेच म्हणाले, "वर चढून बघितलंस का?"

शिडी लावून चढलो. थप्पी मधून पोकळ होती, विहिरीसारखी. कडेने गोण्या आणि मध्ये हवा. खाली आलो तेव्हा पाय कापत होते.

आमच्या धंद्यातला हा नियमही ठेच लागल्यावरच आला. १९३८ साली अमेरिकेत मॅककेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचा घोटाळा उघडकीस आला. तिचा लाखो डॉलरचा माल आणि तितकीच मोठी येणी निव्वळ कागदावर होती. तपासनिसांनी कागद तपासले होते आणि कागद चोख होते. त्यानंतर तिथे दंडक पडला, की मालाची मोजणी होताना तपासनिसाने स्वतः हजर राहावे आणि उधारी खरी आहे का, हे थेट देणेकऱ्याला विचारावे. आज आपल्याकडेही हेच चालते.

येण्यांवरून आठवले. देवगिरीने दरसालची खंडणी कबूल केली होती, ती पुढे थकली. अल्लाउद्दीनने शिल्लक कळवा म्हणून पत्र पाठवले नाही, १३०७ च्या सुमारास मलिक काफूरला पाठवले! रामचंद्रदेवाला दिल्लीला नेले, तिथे त्याचा मान केला, 'रायरायान' किताब दिला आणि राज्य परत केले. बुडीत खात्यात टाकण्यापेक्षा देणेकऱ्याला उभा ठेवावा, हे त्या सुलतानाला उमगलेले दिसते.

त्याने दिल्लीत धान्यबाजाराची जी व्यवस्था लावली, ती मला फार विचारात पाडते. सरकारी कोठारे भरलेली. भावांची खबर रोज तीन वेगवेगळ्या वाटांनी यायची: बाजाराचा शहना, बातमीदार बरीद आणि गुप्त हेर. तिघांच्या खबरीत फरक पडला, की शहन्याची धडगत नसे. बरनी तर सांगतो, की सुलतान लहान मुलांना पैसे देऊन बाजारात पाठवी आणि आणलेली वस्तू पुन्हा तोलून बघे. कमी भरली तर दुकानदाराच्या अंगाचे मांस कापले जाई. पटवाऱ्यांच्या वह्या इतक्या कडक तपासल्या जात, की कारकुनाला कोणी मुलगी देईना! देवगिरीवरूनच तो हे शिकला, असे मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण ही सगळी व्यवस्था धाकावर उभी होती आणि त्याच्या मागे ती टिकली नाही.

दुसरी रीत आपल्याच मातीतली आहे. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या गडांचा बंदोबस्त सांगते. हवालदार, सबनीस, सरनोबत सारख्या मानाचे, शिवाय कोठारासाठी कारखानीस. हिशेब एकाकडे, सामान दुसऱ्याकडे, आणि माणसेही मुद्दाम वेगवेगळ्या जातींची. गड कोणा एकाच्या हातात जाऊ नये, हा हेतू.

पूर्वी मला वाटायचे, हा अविश्वास आहे. त्या स्टोअरकीपरांनी माझे मत बदलले. माल कमी निघाल्यावर सगळ्यांची बोटे त्यांच्याकडे वळली. ते एकच सांगत राहिले, की वरून फोन यायचा, माल बाहेर जायचा आणि चिठ्ठी नंतर देतो म्हणायचे. खरे असेल, खोटे असेल. किल्ली त्यांच्याकडे, रजिस्टरही त्यांच्याकडे. दुसरी सही कुठेच नाही. ते चोर होते असे कोणी सिद्ध केले नाही, पण आपण चोर नाही हे त्यांनाही सिद्ध करता आले नाही. मे महिन्यात पुन्हा गेलो तेव्हा त्यांच्या खुर्चीवर दुसराच माणूस होता.

म्हणून आता नव्या मुलांना सांगतो, की दोन हातांत काम वाटायचे ते फक्त चोराला अडवायला नव्हे. सरळ माणसालाही एक साक्षीदार लागतो. आपण वर चढून बघतो ते त्याच्यासाठीही.

त्या दिवशी भाचीला एवढे सगळे कुठे सांगणार? म्हटले, "घाईत होते गं सगळे." ती म्हणाली, "मग घाईत असतानाच बघायला हवं ना?"

असो. यंदाच्या ३१ मार्चला तिलाच न्यावे म्हणतो.