शिकारखान्यापासून झाडावरच्या कॅमेऱ्यापर्यंत

गेल्या दिवाळीत आमच्या मंडळातील एका घरी अमेरिकेहून मोबाइलवर एक चित्रफीत आली. धाकटा मुलगा मिशिगन राज्यात नोकरीला आहे. घरामागे झाडी आहे, तिथल्या एका खोडाला त्याने पट्ट्याने कॅमेरा बांधून ठेवला होता. रात्री दोन वाजता पांढऱ्या शेपटीची एक हरिणी दोन पाडसांसह त्याच्यासमोरून गेली आणि कॅमेऱ्याने तिला आपणहून टिपले. चित्रफितीखाली मुलाने लिहिले होते की, शेजारी नोव्हेंबरच्या हंगामात परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातात, त्यांच्याकडूनच हे यंत्र समजले. घरातले अप्पा नव्वदीकडे झुकलेले. त्यांनी चष्मा वर करून ती चित्रफीत दोनदा पाहिली आणि म्हणाले, "हरणे कुठून जातात हे सांगायला आपल्याकडे यंत्र नव्हते, माणसे होती. माझे आजोबा शिकारखान्यात कारकून होते. त्या माणसांचे पगार तेच लिहायचे."

अप्पांच्या या बोलण्यावरून आम्ही जुनी पुस्तके काढून बसलो. बडोद्यात चार-पाच पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत गायकवाडी शिकारीच्या गोष्टी पुष्कळ निघतात, पण त्यांत बहुधा हत्ती, साहेब आणि महाराजच असतात. हरीण आणि हरणाचा माग काढणारा माणूस, हे दोघेही त्यांतून निसटतात.

खंडेराव महाराज गादीवर होते १८५६ ते १८७० या काळात. शिकारीचा त्यांना विलक्षण नाद. आज कारखान्यांच्या वसाहतीमुळे ओळखल्या जाणाऱ्या मकरपुऱ्यात त्यांनी राजवाडा बांधला, तोही मुख्यतः शिकारीसाठी. सभोवती मोकळे माळ होते आणि माळावर काळविटांचे कळप. लुई रूसेले हा फ्रेंच प्रवासी १८६४ साली बडोद्यात खंडेरावांचा पाहुणा होता. त्याने लिहिलेल्या प्रवासवर्णनात हत्तींच्या साठमारीबरोबर चित्त्याकरवी होणाऱ्या हरणांच्या शिकारीचेही वर्णन आहे. पुढे नोव्हेंबर १८७५ मध्ये इंग्लंडचे युवराज, म्हणजे नंतरचे सातवे एडवर्ड, बडोद्यास आले. सयाजीराव महाराज दत्तक येऊन तेव्हा अवघे सहा महिने झाले होते, वय बारा. या पाहुण्यांनाही मकरपुऱ्याच्या माळावर चित्त्याची शिकार दाखवण्यात आली. आजच्या भाषेत सांगायचे तर ही वाटाड्यासह शिकारीची सहलच होती. पाहुण्याने फक्त पाहायचे, बाकी सारे संस्थान करणार.

हे 'बाकी सारे' काय होते, ते सांगितलेच पाहिजे.

चित्ता पिंजऱ्यात वाढवून शिकारी होत नाही. शिकार कशी करायची हे पिल्लू आईकडून शिकते, म्हणून पकडायचा तो रानातला वयात आलेला चित्ताच. चित्ते ठराविक झाडांकडे परत परत येतात, खोडावर नखे ओढतात, वास ठेवून जातात. अशा झाडाभोवती तांतीचे फासे मांडायचे आणि वाट पाहायची. हे काम करणारे लोक पारध्यांपैकी होते. त्यांच्या एका शाखेला चित्तापारधी असेच नाव पडले होते. सापडलेला चित्ता डोळ्यांवर चामडी टोपी चढवून, गळपट्टा आणि दोर बांधून खाटेवर ठेवत. माणसांचा आवाज त्याच्या अंगवळणी पडावा म्हणून चित्तेवानाच्या घरच्या बायकामुले त्याच्या जवळ बसून दिवसभर बोलत राहत. मग त्याला बाजारातून फिरवून आणायचे. लाकडी पळीतून खायला द्यायचे, म्हणजे पळी दिसली की तो सावज सोडून पळीकडे येईल. अशी कित्येक महिने मेहनत झाल्यावर तो माळावर न्यायच्या लायकीचा होई.

माळावर तो जाई बैलगाडीत बसून. यातली युक्ती साधी होती. काळवीट माणसाला पाहून पळतो, घोड्यालाही बुजतो. पण शेतकऱ्याची गाडी त्याच्या रोजच्या ओळखीची, तिला तो जवळ येऊ देतो. गाडी सरळ कळपावर न नेता तिरकी, वळसे घेत न्यायची. शंभरेक पावलांवर आली की टोपी काढायची. चित्ता खाली उतरून दबकत जाई आणि मग सुटे. धाव काही शे पावलांचीच. एवढ्यात काळवीट हाती लागला तर लागला, नाही तर चित्ता दमून फुरंगटून बसे आणि त्याची समजूत काढावी लागे. लागला तर पंजाचा फटका देऊन तो सावज पाडी आणि नरडे धरून ठेवी. चित्तेवान धावत जाऊन पळीत रक्त धरी, ते चित्त्यापुढे करी आणि सावज सोडवून घेई. पाहुण्यांच्या वर्णनांत धावेबद्दल पानेच्या पाने असतात, चित्तेवानाला मात्र एखादी ओळ.

इथे एक खुलासा. काळवीट आणि अमेरिकेतले ते हरीण ही एका कुळातली नव्हेत. ज्यांची शिंगे दरवर्षी गळून पुन्हा येतात ते चितळ, सांबर वगैरे सारंग. ज्यांची शिंगे जन्मभर टिकतात ते काळवीट, चिंकारा हे कुरंग. मराठीत आपण दोघांनाही हरीणच म्हणतो आणि तसे म्हणण्यात काही बिघडत नाही.

या खेळाची किंमत काळविटापेक्षाही आधी चित्त्याने मोजली. अकबराकडे एका वेळी हजार चित्ते असल्याचे सांगतात. पण बंदिवासात चित्त्याची वीण झाल्याची जुनी नोंद एकच, जहांगीरच्या काळातली. म्हणजे शेकडो वर्षे जो चित्ता दरबारात आला तो रानातून वजा झाला, परत एकही गेला नाही. त्यात माळ नांगराखाली गेले. विसाव्या शतकात आपल्या कोल्हापूरच्या दरबाराला आणि भावनगरच्या महाराजांना शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते मागवावे लागले. कोल्हापूरच्या चित्त्यांच्या गोष्टी तिकडचे पाहुणे आपल्याला कौतुकाने सांगतात, आपणही कौतुकाने ऐकतो. ते चित्ते बोटीने का आणावे लागले, हे कोणी विचारत नाही. १९४७ च्या सुमारास आजच्या छत्तीसगडातील कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले. देशातले हे अखेरचे नोंदलेले चित्ते. १९५२ साली भारतातून चित्ता संपल्याचे जाहीर झाले.

आणि पारधी? राजाची शिकार हा मान ठरला, त्यांची शिकार हा गुन्हा. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पुढे पारध्यांवरही ठिकठिकाणी तो शिक्का बसला. फासेपारध्यांची काळवीट धरण्याची रीत अशी : शिकवलेल्या बैलाच्या आडून कळपाजवळ जायचे, वाटेवर फाशांची रांग लावायची. कधी पाळलेल्या नराच्या शिंगांना फास बांधून त्याला कळपात सोडत. रानातला नर झुंजायला आला की त्याची शिंगे अडकत. बैलाआडून जाणे काय आणि बैलगाडीआडून जाणे काय, विद्या एकच. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. शिक्का अजून पुरता पुसलेला नाही, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने गेली, बडोदे १९४९ मध्ये मुंबई राज्यात आले, शिकारखाने मोडले. शिकार मात्र थांबली नाही, तिचा धंदा झाला. परदेशी पाहुण्याला जंगलात नेऊन, मचाण, हाकारे, तंबू, स्वयंपाकी सगळे पुरवून शिकार करवून देणाऱ्या कंपन्या निघाल्या. नागपूरची अल्विन कूपर ही त्यांतली नावाजलेली. पूर्वी संस्थान करी ते आता पैसे घेऊन होऊ लागले, आणि जीपगाडी व रात्रीचा झोतदिवा हाती आल्यावर हौशी शिकाऱ्यांनी माळ साफ केले. १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर काळवीट पहिल्या अनुसूचीत गेला आणि वाटाड्यासह शिकारीची सहल आपल्याकडे संपली.

अमेरिकेत ती संपली नाही, आणि तिथली हरणेही संपली नाहीत. याचे आम्हाला प्रथम नवल वाटले. १९०० च्या आसपास तिकडे पांढऱ्या शेपटीची हरणे पाच लाखांच्या आतच उरली होती. आज ती कोटींत मोजतात. विक्रीसाठी होणारी शिकार बंद झाली, हंगाम आणि परवाने बांधले गेले, आणि १९३७ च्या एका कायद्याने शिकारीच्या बंदुका-काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या कामाकडे वळवला. आपल्या दाट वस्तीच्या देशात हे जमले असते असे आम्हाला वाटत नाही. पण शिकारी म्हटला की तो रानाचा वैरीच, हे समीकरण तिकडे लागू पडत नाही हेही खरे.

त्या झाडावरच्या कॅमेऱ्याचा मूळपुरुषसुद्धा एक शिकारीच निघाला, आणि तोही मिशिगनच्याच जंगलात वावरलेला. जॉर्ज शिरास हे त्याचे नाव. तिथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक रात्री होडीच्या टोकाशी दिवा ठेवून तळ्याकाठी येणाऱ्या हरणांची शिकार करीत. दिव्याने हरीण थबकते, तोच नेम. शिरासने ही रीत तशीच ठेवली, फक्त बंदुकीच्या जागी कॅमेरा आणला. पुढे त्याने वाटेवर दोरी बांधून अशी व्यवस्था केली की, जनावराचा धक्का लागताच ते आपले छायाचित्र आपणच काढील. पॅरिसच्या १९०० सालच्या प्रदर्शनात त्याच्या छायाचित्रांना सुवर्णपदक मिळाले आणि जुलै १९०६ च्या 'नॅशनल जिओग्राफिक'मध्ये त्याची ७४ छायाचित्रे छापून आली.

हीच कल्पना हिंदुस्थानात रुजवली एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वन अधिकाऱ्याने. संयुक्त प्रांताच्या तराईत त्याने वाघांच्या पायवाटांवर बारीक तार आणि मॅग्नेशियमच्या भुकटीचा झोत लावून रात्रीची छायाचित्रे काढली. त्याचे पुस्तक १९२७ मध्ये निघाले. वाघाला न मारताही वाघ 'मिळवता' येतो, हे त्या काळात सांगणे सोपे नव्हते.

नंतर तारेऐवजी अंगाची ऊब ओळखणारे यंत्र आले. त्याचा बाजार वाढवला तो अमेरिकेतल्या हरणांच्या शिकाऱ्यांनी. शिंगाळा नर कोणत्या वाटेने, किती वाजता जातो हे त्यांना आधी कळायला हवे होते. शास्त्रज्ञांनी ते यंत्र उसने घेतले. कर्नाटकातल्या नागरहोळेत उल्हास कारंत यांनी १९९० नंतरच्या वर्षांत कॅमेरे लावून पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखण्याची पद्धत बसवली. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याएवढ्या उंचीवर, समोरासमोर कॅमेरे लावायचे. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे मिळाली. त्यांत वाघांची ७६,६५१. उरलेल्या ढिगात चितळे, सांबरे, रानडुकरे, गुरे आणि सरपण नेणारी माणसे!

तिकडे अमेरिकेत मात्र कॅमेऱ्यावरून भांडण लागले आहे. हरीण कुठे आहे हे घरबसल्या मोबाइलवर कळले तर ती शिकार कसली, असे शिकारीच म्हणू लागले. अ‍ॅरिझोना राज्याने २०२२ पासून शिकारीसाठी असे कॅमेरे वापरण्यास मनाई केली. अप्पांना हे सांगितले तेव्हा ते मनापासून हसले. "आमचा मागी पैज लावून सांगायचा, तरी कधी कधी चुकायचा," असे म्हणाले.

मंडळातर्फे आम्ही काही जण भावनगरजवळच्या वेळावदरला जाऊन आलो. भावनगरच्या महाराजांचे हे शिकारीचे कुरण १९७६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. क्षेत्र उणेपुरे ३४ चौरस किलोमीटर. पहाटेच्या धुक्यात शेकड्यांनी काळवीट गवतातून उड्या घेत गेले तेव्हा आमच्यातल्या बोलक्या मंडळींचेही बोलणे थांबले. बरोबरच्या वाटाड्याने मोबाइलवर कॅमेऱ्यात आलेले एक तरस दाखवले. त्याचे वडीलही याच कुरणात राखणीला होते आणि त्यांचे वडील महाराजांच्या पदरी, असे त्याने गुजरातीत सांगितले. "त्या वेळी हरणे साहेबांना दाखवायची, आता तुम्हाला दाखवायची," एवढेच म्हणून तो गाडी पुढे घ्यायला सांगू लागला.

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ चित्ते कुनोच्या जंगलात आले. कुनो म्हणजे जुन्या ग्वाल्हेर संस्थानचा मुलूख, आपल्या तिकडच्या बांधवांना तो परका नाही. चित्त्यांना खायला मिळावे म्हणून मध्य प्रदेशातल्या दुसऱ्या जंगलांतून चितळे पकडून तिथे सोडावी लागली. गळ्यात आता दोराऐवजी उपग्रहाशी बोलणारा पट्टा असतो. कुठल्या झाडाशी चित्ते वास ठेवायला येतात ते पाहून आज तिथे कॅमेरा बांधतात. चित्तापारधी फासे लावायचे ते याच झाडांशी.

दांडियाबाजारातल्या एका जुन्या घरात शिकारीचे एक छायाचित्र आम्हाला पाहायला मिळाले. मागे पाहुणे उभे, पुढे टोपी घातलेले दोन चित्ते, त्यांचे दोर धरून पागोटेवाले दोघे उकिडवे बसलेले. खाली शाईने पाहुण्यांची नावे हुद्द्यांसह लिहिली आहेत. दोर धरलेल्या दोघांखाली जागा कोरी आहे. अप्पांना दाखवले. पगाराच्या वह्यांत ती नावे नक्की असणार, पण त्या वह्या घरच्या माळ्यावरून केव्हाच रद्दीत गेल्या, असे ते म्हणाले. आपल्यापैकी कोणाच्या घरी शिकारखान्याची वही, पावती, पत्र किंवा असे छायाचित्र असेल तर ते मंडळाच्या कार्यालयात आणावे. नक्कल करून मूळ प्रत त्याच दिवशी परत देऊ.