वऱ्हाडातील कॅथलिक पालक आणि शाळेचे दप्तर

मुलाच्या शिक्षणाचा पहिला अधिकार आणि पहिले दायित्व आईबापांचे, ही गोष्ट कॅथलिक धर्मसभेने आपल्या विधिग्रंथांत पुनःपुन्हा नमूद केली आहे. १९१७ च्या धर्मसंहितेने तिला नियमाचे रूप दिले, पोप अकरावे पायस यांनी ३१ डिसेंबर १९२९ च्या परिपत्रकात तिचा सविस्तर ऊहापोह केला, आणि त्याच संहितेने कॅथलिक मुलांनी परधर्मीय किंवा धर्मतटस्थ शाळेत जाऊ नये, जाणे भागच पडले तर कोणत्या परिस्थितीत जावे हे बिशपांनी ठरवावे, असा दंडकही घालून दिला. रोममधला हा दंडक अमरावती-अकोल्याच्या मुलखात येऊन पोहोचला तेव्हा त्याच्यासमोर उभ्या असलेल्या बापाची अडचण मात्र अगदी निराळी होती. शाळा धर्माची असावी की तटस्थ, हा विचार करण्याआधी आपल्या लेकराला कोणत्याही शाळेत इतरांच्या बरोबरीने बसू देतील काय, या विवंचनेत तो होता.

या भागातील कॅथलिक समाज दोन वाटांनी आला, आणि त्या दोन वाटा मुलांच्या शाळेपाशीही फार काळ एकत्र आल्या नाहीत. १८५३ च्या तहनाम्याने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, पुढे अमेरिकेतील यादवीमुळे येथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेली लोहमार्गाची रेषा अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी स्टेशने मागे टाकीत नागपूरला भिडली. या रेषेबरोबर गोव्याचे कारकून, अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड आले. त्यांच्या मुलांची सोय त्यामानाने सुलभ होती. नागपुरास सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या नावाची शाळा १८७० पासून होती, रेल्वेचा पास हाताशी होता, आणि बदलीच्या नोकरीत मूल वसतिगृहात ठेवणे ही रीतच होती. घरी कोकणी, शाळेत इंग्रजी आणि देवळात लॅटिन, असा गोव्याच्या मुलांचा त्रैभाषिक संसार; त्यात मराठीला जागा असली तर बाजारापुरतीच.

दुसरी वाट खेड्यांतून आली. फ्रान्सच्या सीमेवरील सव्हॉय प्रांतातले, आनसी येथील सेंट फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाचे धर्मगुरू १८४६ साली विशाखापट्टणमला उतरले आणि तेथून मध्य हिंदुस्थानात पसरले. १८८७ मध्ये नागपूरचा धर्मप्रांत झाला, आणि वऱ्हाडच्या मिशनचा इतिहास सांगताना घाटलाडकी, चिखलदऱ्याजवळचे मरियमपूर आणि फादर थेवेने ही नावे आजही प्रथम निघतात. हे काम मुख्यतः महार समाजात आणि मेळघाटातील कोरकूंमध्ये चालले. खेड्यातल्या घरी दहा वर्षांचे पोट्टे म्हणजे गुरे राखणारा, कापूस वेचणारा कमावता हात; त्याला मिशनच्या बोर्डिंगात ठेवणे म्हणजे घरची मजुरी बुडवून, सणावारीच भेटेल अशा मुलाला परक्याच्या हवाली करणे होते. मिशनचे लेखक या प्रसंगी श्रद्धेचे वर्णन करतात, टीकाकार प्रलोभनाचे; पण हिशेब करणारा बाप दोघांच्याही लिखाणातून निसटतो. दोन वेळचे जेवण, अंगावर कापड, अक्षरओळख आणि पंगतीत बरोबरीची जागा हे एका पारड्यात, आणि मुलाचे हात, त्याचा सहवास, कदाचित त्याची बोलीही दुसऱ्या पारड्यात, अशी ही तोलामोलाची गोष्ट होती. ती निरक्षर माणसाला साधत नव्हती असे मानणे हा केवळ शिकलेल्यांचा अहंकार होय.

शिवाय हा विचार एकट्या ख्रिस्ती बापाचाच होता असेही नाही. ज्या अमरावती जिल्ह्यात गाडगेमहाराज जेवायचे भांडे विका पण पोरांना शिकवा असे कीर्तनातून बजावीत होते, आणि जेथे डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये शिवाजी शिक्षण संस्था उभारली, त्याच जिल्ह्यातला तो रहिवासी होता. भोवतालचे सारे वारे त्याच्याही अंगाला लागत होते. घरात प्रश्नोत्तराच्या रूपाने पाठ होणारे धर्मशिक्षण, संध्याकाळची रोझरी, आणि कोठे कोठे १९०३ पासून निघणारे ‘निरोप्या’ मासिक, एवढी त्याची धार्मिक सामग्री होती. बाकी मुलाचे वळण शेजारपाजारच्या मुलांसारखेच पडे.

स्वराज्यानंतर या पालकाकडे सरकारचे लक्ष गेले ते चौकशीच्या निमित्ताने. त्या वेळी वऱ्हाड मध्यप्रदेश राज्यात होते. राज्य सरकारने १९५४ साली डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी समिती नेमली आणि तिचा अहवाल १९५६ मध्ये बाहेर आला. शाळा आणि वसतिगृहे ही धर्मांतराची साधने होत, हा तिचा एक मुख्य आक्षेप. कॅथलिकांनी मध्येच सहकार्य काढून घेतले, नागपूरच्या उच्च न्यायालयात धाव घेतली, ती निष्फळ ठरली. आक्षेपात तथ्य मुळीच नव्हते असे मी म्हणणार नाही. अन्न आणि अक्षर एकाच हातून मिळत असता श्रद्धा किती मोकळी राहते, हा प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु अन्न आणि अक्षर देणारा दुसरा हात त्या गावात होता काय, हाही प्रश्न तितकाच प्रामाणिक असून अहवालात त्याला पहिल्याइतकी जागा मिळाली नाही.

याच गडबडीत ८ मे १९५५ रोजी अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, जोसेफ आल्बर्ट रोझारियो पहिले बिशप झाले. आणि याच काळात पालकाच्या विवंचनेने नवे, कागदी रूप घेतले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या होत्या. पुढे त्या शिखांना, आणि १९९० मध्ये बौद्धांनाही मिळाल्या, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्म स्वीकारल्यावर वऱ्हाडातल्या एकाच भावकीत एक भाऊ बौद्ध व दुसरा कॅथलिक असेल, तर नवबौद्धांना महाराष्ट्र सरकारने १९६० पासूनच सवलती दिलेल्या असल्यामुळे, दोन चुलतभावांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांवरील एका शब्दाने त्यांच्या शिष्यवृत्त्या निराळ्या होत. मरियमपूरच्या कोरकू कॅथलिकाला ही अडचण नाही, कारण अनुसूचित जमातीची ओळख धर्मावर अवलंबून नसते. म्हणजे एकाच वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्या दोन बापांना शासनाची कचेरी दोन भिन्न प्रश्न विचारते. दाखल्यावर काय लिहावे, बाप्तिस्म्याचे नाव ठेवावे की गावातले, यावर किती घरांत किती रात्री वाद झाले असतील याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

आज अमरावती व अकोला शहरांत होली क्रॉस, माउंट कार्मेल अशा शाळांच्या प्रवेशासाठी वकील, डॉक्टर, व्यापारी अशा सर्वधर्मीय पालकांची रीघ लागते. राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना दिलेल्या हक्कावर या संस्था उभ्या आहेत, पण त्यांच्या वर्गांत कॅथलिक मुले थोडीच असतात. त्यांना धर्मशिक्षण, इतरांना नीतिशिक्षण, अशी तासिकेची वाटणी होते. शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी शाळांनी दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागा राखाव्या, हे बंधन सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना २०१२ मध्ये, आणि अनुदानित अल्पसंख्याक शाळांनाही २०१४ मध्ये, लागू केले नाही. परिणामी खेड्यातून शहरात मजुरीला आलेल्या कॅथलिक बापाला इतर गरिबांप्रमाणे या शाळांत कायद्याने जागा मागता येत नाही. त्याला बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन फादरसाहेबांची चिठ्ठी मागावी लागते, आणि फी-माफीचा अर्ज करावा लागतो. अर्ज मंजूर झाला, तरी घरी मायबाप वऱ्हाडी बोलतात, पोट्टे इंग्रजीत धडे घोकते, आणि प्रश्नोत्तरांची जी पुस्तिका आजीला मराठीत तोंडपाठ आहे ती नातवाला इंग्रजीत शिकवायची की मराठीत, हे ठरवण्याचे काम पुन्हा घरच्याच माणसांकडे येते.